न निघणारं एक्स्टेन्शन आणि १३ तारखेचं रिटर्न

सोलापुरात चाटी गल्लीत माझ्या मामांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. बिलं, जीएसटी, बँक हे सगळं मी बघते. दुकानात कॉम्प्युटर एकच, विंडोज ११चा. त्यावर टॅली, बिलाचा प्रिंटर आणि क्रोम. यंदा जानेवारीत या क्रोममध्ये एक एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा जादा प्रोग्राम) असं ठाण मांडून बसलेलं सापडलं की ते काढायला बटणच नव्हतं. शेवटी निघालं, फॉरमॅट न मारता निघालं. काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहून ठेवते, कारण मी शोधत होते तेव्हा सापडलेल्या माहितीतली निम्मी ‘आमचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा’ इथेच येऊन संपत होती. असलं काहीही डाउनलोड करावं लागलं नाही, हे आधीच सांगते.

५ जानेवारी, सोमवार. डिसेंबरचा तिमाही हिशोब लावायला बसले होते. आमचं दुकान तिमाही रिटर्नवालं, म्हणजे जीएसटीआर-१ची, विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख १३ जानेवारी. ॲड्रेसबारमध्ये जीएसटी पोर्टलचं नाव टाइप केलं, तर मध्ये क्षणभर कुठलातरी अनोळखी पत्ता चमकला आणि भलत्याच सर्च इंजिनचं पान उघडलं. वरचे पहिले तीन-चार निकाल नुसत्या जाहिराती. नवीन टॅब उघडला की डोंगराचं चित्र आणि हवामान. खाली उजव्या कोपऱ्यात मधूनच लाल चौकट, ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, आत्ता स्कॅन करा’. मामांना विचारलं तर म्हणाले, “हे दिवाळीपासून येतंय गं. मी रोज फुली मारतो.”

क्रोमच्या वर उजवीकडे जिगसॉच्या तुकड्यासारखं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून ‘मॅनेज एक्स्टेन्शन्स’ उघडलं. सात एक्स्टेन्शन्स होती. एक ॲडब्लॉकर आणि एक मराठी टायपिंगचं, ही दोन माझी. बाकी कूपन शोधून देणारं, स्क्रीनशॉटचं, डोंगराच्या चित्राचं, एक व्हिडिओ डाउनलोडर आणि एक ‘पीडीएफ’ असं काहीतरी नाव असलेलं. ही कुणी टाकली याची चौकशी करण्यात अर्थ नव्हता. दुकानात कामाला येणारी दोन मुलं, सुट्टीला पुण्याहून येणारा मामेभाऊ, सगळेच त्या खुर्चीवर बसतात.

इथे एक काम आधी करा. काढायच्या घाईत न पडता प्रत्येक एक्स्टेन्शनचं ‘डिटेल्स’ उघडून वाचा. त्यात परवानग्या लिहिलेल्या असतात आणि ते कुठून आलं तेही असतं. कूपनवाल्याला आणि पीडीएफवाल्याला परवानगी होती ती ‘सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे’ याची. सर्व वेबसाइट म्हणजे बँकही आली आणि जीएसटीचं लॉगिनही. प्रत्येकाचा आयडीही वहीत उतरवून घेतला. हा ३२ इंग्रजी अक्षरांचा असतो, ए पासून पी पर्यंतचीच अक्षरं, अर्थ काही नाही. पान उघडलं की ॲड्रेसबारमध्ये दिसतो. लिहिताना कंटाळा येतो, पण पुढे सगळा शोध याच अक्षरांवरून लागतो, नावावरून नाही.

त्या दिवसापासून दुकानाच्या मशिनवर बँक उघडायची नाही असं ठरवलं. पैशाचे व्यवहार फोनवर. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन बसतच नाही, तेवढं एक बरं.

कूपन, स्क्रीनशॉट, डोंगर, व्हिडिओ, चारही ‘रिमूव्ह’ म्हटल्यावर गेली. पीडीएफवाल्याला मात्र ‘रिमूव्ह’ नव्हतंच. चालू-बंदचं बटण होतं, पण फिकट, दाबलं तरी हलत नव्हतं.

रात्री मामेभावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, क्रोमच उडव आणि परत टाक.” दुसऱ्या दिवशी तेही केलं. पण त्याआधी सेव्ह केलेले पासवर्ड गूगल अकाउंटमध्ये आहेत का ते फोनवर उघडून बघितलं. तुम्हीही बघा, कारण क्रोम काढताना ‘ब्राउझिंग डेटाही काढा’ या चौकोनात टिक केली की त्या मशिनवरचं सगळं जातं. मग क्रोम काढलं, कंपनीच्या साइटवरून नवीन उतरवलं, उघडलं. लॉगिन करण्याआधीच एक्स्टेन्शनचं पान बघितलं, तर कोऱ्या क्रोममध्ये पीडीएफवाला हजर. एकटाच. मग दुकानाच्या जीमेलने लॉगिन केलं, सिंक (अकाउंटमध्ये साठवलेलं मशिनवर आणणारी सोय) चालू केलं, तर थोड्या वेळात ॲडब्लॉकर आणि मराठी टायपिंग आपोआप परत आली.

या गोष्टीने माझं अर्धं काम झालं. जे लॉगिननंतर येतं ते अकाउंटच्या सिंकमधून येतं. ते एकदा नीट ‘रिमूव्ह’ केलं की अकाउंटमधूनही जातं. जे लॉगिनच्या आधीच असतं ते मशिनमधून येतंय. म्हणजे क्रोम कितीही वेळा काढा-घाला, उपयोग नाही. (हे तपासायला क्रोम उडवायचीही गरज नसते. नवीन प्रोफाइल बनवायची, लॉगिन करायचं नाही आणि एक्स्टेन्शनचं पान बघायचं. दोन मिनिटांचं काम.)

मग क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत अगदी तळाला एक ओळ दिसली, ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’. आमची ऑर्गनायझेशन म्हणजे मामा, मी आणि दोन मुलं. चौघांपैकी कुणीही काही मॅनेज करत नव्हतं.

ही ओळ दिसली म्हणजे घात झाला असं मात्र नाही. मोठ्या कंपन्या, कॉलेजं आपल्या मशिनवर क्रोमचे नियम बसवतात, काही अँटीव्हायरसही बसवतात, तिथे ही ओळ बरोबरच आहे. लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर पुढचं काही करू नका, आयटीवाल्यांना सांगा. पण घरचं किंवा दुकानाचं, आपण पैसे मोजून घेतलेलं मशिन असेल आणि ही ओळ असेल, तर नियम कुणी घातला ते बघायलाच हवं.

ते बघायचं पान क्रोममध्येच आहे. ॲड्रेसबारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी असं सलग लिहून एंटर. आमच्याकडे तिथे एकच ओळ होती, ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’. म्हणजे सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी. तिच्या ‘व्हॅल्यू’त तीच ३२ अक्षरं, वहीतल्या अक्षरांशी एकेक ताडून बघितली. शेजारी नियम कुणाला लागू आहे, म्हणजे त्याचा स्कोप, सांगणारा रकाना असतो, तो लक्षात ठेवा. आमच्याकडे ‘मशीन’ होतं. काहींकडे ‘करंट युजर’ असतं. पुढे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग्ज साठवतं त्या जागी, कुठल्या फांदीत शोधायचं ते यावरून ठरतं.

मला एक शंका होती, की असलं एक्स्टेन्शन गूगलच्या दुकानाबाहेरून चोरवाटेने येत असेल. तसं नव्हतं. कंपनीच्या डोमेनला न जोडलेल्या विंडोज मशिनवर सक्तीने बसवता येतं ते फक्त क्रोम वेब स्टोअरमध्ये असलेलंच एक्स्टेन्शन. म्हणजे हे तिथेच उघड मांडलेलं होतं, रेटिंगच्या चांदण्या-बिदण्यांसकट. ‘स्टोअरमधलं आहे म्हणजे सुरक्षित’ या समजुतीवर माझा तरी आता विश्वास राहिलेला नाही.

७ तारखेला मामांनी त्यांच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. व्हिजिटचे ३०० रुपये. माणूस चांगला, पण त्याने पाच मिनिटं बघून निकाल दिला, “मालक, फॉरमॅट मारू. ८०० होतील, डेटा बॅकअपचे वेगळे.” फॉरमॅट म्हणजे टॅलीचं लायसन्स आधी सरेंडर करा, मग परत ॲक्टिव्हेट करा, प्रिंटरचा ड्रायव्हर शोधा, बिलाचा फॉरमॅट परत बसवा. रिटर्नच्या आठवड्यात हे नको होतं. शिवाय तो म्हणाला, “करायचं तर उद्या-परवा. १२ पासून मी नसतो, नंदीध्वजाला सेवा असते आमच्या घरची. संक्रांत झाल्यावर बघू.” गड्ड्याच्या, म्हणजे नंदीध्वज मिरवतात त्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापुरात कुणाकडून काम करून घेणं म्हणजे काय, हे इथल्यांना सांगायला नको. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “दोन दिवस द्या मला.”

बॅकअप मात्र त्याच संध्याकाळी घेतला. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह नवी पेठेतून ४५० रुपयांना आणला, टॅलीचा डेटा आणि बिलांचं फोल्डर त्यात टाकलं. पुढे काहीही झालं तरी हिशोब जाणार नाही, एवढी खात्री झाल्याशिवाय मला रजिस्ट्रीला हात लावायचा नव्हता. रजिस्ट्रीची भीती वाटते ती योग्यच आहे. तिथे चुकीची नोंद उडवली तर विंडोज रुसू शकतं.

८ तारीख, दुपारची गिऱ्हाइकं कमी असतात तो वेळ. स्टार्टमध्ये इंग्रजीत ‘रेजएडिट’ टाइप केलं, ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागितली ती दिली. डावीकडे फोल्डरांचं झाड दिसतं. स्कोप ‘मशीन’ असेल तर ‘एच-की लोकल मशीन’, ‘करंट युजर’ असेल तर ‘एच-की करंट युजर’. तिथून सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम, आणि त्याच्या आत ‘एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट’. उजवीकडे नाव ‘१’ आणि व्हॅल्यू म्हणून ती ३२ अक्षरं, पुढे अर्धविराम आणि गूगलच्या अपडेटचा एक पत्ता. एवढीशी ओळ. बघताना रागही आला आणि थोडं हसूही.

काढण्याआधी डावीकडच्या ‘क्रोम’ फोल्डरवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ केलं आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवली. गडबड झाली तर त्या फाइलवर डबल क्लिक केलं की नोंद जशीच्या तशी परत येते. मग फोर्सलिस्टमधली ‘१’ची ओळ डिलीट. क्रोममध्ये पॉलिसीचं पान उघडून ‘रिलोड पॉलिसीज’ दाबलं. पान रिकामं. एक्स्टेन्शनच्या पानावरून पीडीएफवाला गायब. क्रोम बंद करून उघडलं, मेनूच्या तळाची ओळही गेलेली. मामांनी समोरून चहा मागवला.

९ तारखेला सकाळी मशिन सुरू केलं तर सगळं पूर्ववत. ओळ, एक्स्टेन्शन, भलतं सर्च इंजिन, सगळं. इथे मात्र मला रडायला आलं होतं, खरंच. १३ तारीख समोर, दुकानात संक्रांतीची गर्दी, आणि दुरुस्तीवाला यात्रेत घालायची बाराबंदी इस्त्री करून बसलेला.

घरी त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. पिंपं भरता भरता डोकं शांत झालं आणि एक साधी गोष्ट सुचली. रजिस्ट्रीतली ओळ आपोआप उगवत नाही, कुणीतरी ती लिहितंय. ते ‘कुणीतरी’ मशिन सुरू होताना जागं होतंय, कारण आदल्या संध्याकाळपर्यंत सगळं स्वच्छ होतं.

१० तारखेला, शनिवारी, त्याच्या मागे लागले. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’, आणि यादी तारखेप्रमाणे लावली. नावाप्रमाणे लावली तर काही कळत नाही, तारखेप्रमाणे लावली की लगेच डोळ्यात भरतं. ऑक्टोबरातल्या एकाच तारखेला दोन गोष्टी आल्या होत्या, एक फुकटचा पीडीएफ जोडणारा प्रोग्राम आणि दुसरा ‘अपडेटर’ असलं मोघम नाव असलेला. मुलांना ट्रान्सपोर्टच्या पावत्या एका पीडीएफमध्ये करून पाठवायच्या होत्या, त्यासाठी तो उतरवलेला. आत ‘नेक्स्ट, नेक्स्ट’च्या पानांवर आधीच टिक करून ठेवलेल्या चौकोनांमधून बाकीची वरात आली असणार. दोन्ही अनइन्स्टॉल केले. अपडेटरने जाताना ‘तुम्हाला खात्री आहे का’ असं तीनदा विचारलं आणि दर वेळी ‘हो’ आणि ‘नाही’च्या बटणांची जागा बदलली. वाचून दाबा.

तेवढ्यावर भागलं नव्हतं. स्टार्टमध्ये ‘टास्क शेड्युलर’ शोधून उघडलं. ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, म्हणजे टास्क, यात असतात. डावीकडे ‘टास्क शेड्युलर लायब्ररी’वर क्लिक केलं की मधे यादी येते. आमच्याकडे क्रोमच्या अपडेटची, प्रिंटरची वगैरे नावं ओळखीची होती. एकच नाव नुसती अक्षरं-आकड्यांची खिचडी. ‘ट्रिगर्स’मध्ये ‘लॉगऑन झाल्यावर’. ‘ॲक्शन्स’मध्ये युजरच्या ॲपडेटा फोल्डरातली एक स्क्रिप्ट चालवायची. हाच तो. लगेच डिलीट केला नाही, आधी राइट क्लिक करून ‘डिसेबल’ केला. मग पुन्हा रजिस्ट्रीत जाऊन फोर्सलिस्टमधली ओळ काढली आणि मशिन रीस्टार्ट. पाच मिनिटं थांबून पॉलिसीचं पान उघडलं. रिकामं. आणखी एकदा रीस्टार्ट, तरी रिकामं. तेव्हा कुठे तो टास्क आणि ती स्क्रिप्ट कायमची काढली.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रोग्राम, मग टास्क, मग रजिस्ट्री, आणि क्रोम सर्वांत शेवटी. आपण सगळे उलट्या टोकाने सुरू करतो, कारण त्रास क्रोममध्ये दिसतो. आणि ज्या टास्कचं नाव कळत नाही तो दिसला की उडवला असं करू नका. ‘ॲक्शन्स’ वाचा, शंका असेल तर नुसता डिसेबल करून दोन दिवस बघा.

त्याच दुपारी विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन लावला, तो संध्याकाळपर्यंत चालला. दुकान बंद करताना ‘ऑफलाइन स्कॅन’ लावला. यात मशिन रीस्टार्ट होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात. अनइन्स्टॉल होऊनही मागे राहिलेल्या दोन फाइली त्यात सापडल्या. डिफेंडरमध्येच ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’च्या आत ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ नावाचं बटण आहे, ते आमच्याकडे बंद होतं. चालू केलं. असले फुकटे प्रोग्राम व्हायरसच्या व्याख्येत बसत नाहीत, त्यांना अडवणारं बटण हे.

क्रोमची साफसफाई त्यानंतर. सेटिंग्जमध्ये ‘रीसेट सेटिंग्ज’ आहे. त्याने सर्च इंजिन, सुरुवातीचं पान मूळ जागी येतं, एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकीज जातात. बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड राहतात. सगळीकडे परत लॉगिन करावं लागतं तेवढंच. तरी कोपऱ्यातली लाल चौकट आलीच! तिचा एक्स्टेन्शनशी संबंधच नव्हता. ती एका वेबसाइटला कधीतरी दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीतून येत होती. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे जाऊन ‘अलाउड’च्या यादीतल्या अनोळखी साइट काढल्या. ज्यांना फक्त ही चौकटच सतावते त्यांनी सरळ इथूनच सुरुवात करावी, वरचं काही लागणार नाही.

रविवारी घरून, माझ्या लॅपटॉपवरून, पासवर्ड बदलले. दुकानाच्या मशिनवरून बदलायचे नव्हते हे मी पक्कं ठरवलं होतं. आधी जीमेल, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या तिथेच. गूगल अकाउंटच्या ‘सिक्युरिटी’मध्ये ‘युवर डिव्हायसेस’ बघून जुन्या फोनची आणि मामेभावाच्या आधीच्या लॅपटॉपची नावं साइनआउट केली. मग बँक, जीएसटी, ई-वे बिल. मामांच्या खात्याचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट त्यांच्याबरोबर बसून ओळ न् ओळ बघितलं. अनोळखी व्यवहार नव्हता. असता तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, तो नंबर तेव्हाच कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवून ठेवला.

सोमवारी सकाळी मशिन सुरू करताना पोटात गोळा होता. पॉलिसीचं पान रिकामं होतं. रिटर्नसाठी क्रोममध्ये वेगळी प्रोफाइल केली, नाव ‘टॅक्स’, त्यात एकही एक्स्टेन्शन नाही, अगदी मराठी टायपिंगसुद्धा नाही. जीएसटी आणि बँक फक्त तिथूनच. मुलांसाठी विंडोजचा वेगळा साधा युजर बनवला, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेला. आता बहुतेक प्रोग्राम बसवायचे तर पासवर्ड मागतो आणि पासवर्ड माझ्याकडे आहे. याबद्दल मुलं माझ्यावर थोडी नाराज आहेत.

१३ जानेवारी, भोगी. सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर यात्रेतला अक्षता सोहळा असल्यामुळे बाजारात दुपारी शुकशुकाट. मी दुकानात एकटी. बिलं आधीच ताडून ठेवली होती, त्यामुळे भरायला वेळ लागला नाही. रिटर्नवर सहीऐवजी चालणारा ईव्हीसीचा ओटीपी मामांच्या फोनवर जातो आणि मामा होते अक्षतेच्या गर्दीत. फोन लावला तर पलीकडे नुसता ‘हर बोला’चा गजर. शेवटी त्यांनी ओटीपी व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवला, तोवर तो बाद झालेला. दुसरा मागवला, तो त्यांनी ओरडून सांगितला. फाइल झालं.

त्या आठवड्याच्या शेवटी सहज म्हणून एज, हा विंडोजबरोबर येणारा ब्राउझर, उघडलं. आम्ही ते वापरत नाही म्हणून बघितलंच नव्हतं. तिथेही तेच पीडीएफवालं बसलेलं! रजिस्ट्रीत पॉलिसीजच्या खाली मायक्रोसॉफ्ट, एज, आणि आत तशीच फोर्सलिस्ट. नोंद काढली, टास्क आधीच गेलेला असल्यामुळे परत आली नाही. तेव्हा दुसरे ब्राउझर वापरत नसाल तरी उघडून बघा. फायरफॉक्समध्ये ॲड्रेसबारमध्ये इंग्रजीत अबाउट, कोलन, पॉलिसीज लिहिलं की हेच दिसतं.

एकूण खर्च ७५० रुपये, त्यातला पेनड्राइव्ह उपयोगाचाच. राहिला प्रश्न पावत्यांचा, कारण त्या एका पीडीएफमध्ये अजूनही पाठवाव्या लागतात. फोनवरच्या गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनची सोय आहे, एकामागून एक फोटो काढले की सगळी पानं एकाच फाइलमध्ये येतात. मामा आता तेच वापरतात. पहिल्या फाइलमध्ये चारही पानांवर त्यांचा अंगठा आला होता. ट्रान्सपोर्टवाल्याने काही न बोलता पास केली.